पर्यावरणपूरक बांधकाम कागदावरून साइटवर कसं आणायचं

मोठ्या बांधकामाच्या फाइलमध्ये पर्यावरण व्यवस्थापनाचा एक आराखडा असतो. तो परवानगीसाठी लिहिला जातो आणि परवानगी मिळाली की कपाटात जातो. साइट चालते ती तीन कागदांवर: बार चार्ट (कामाचं वेळापत्रक), बीओक्यू (कामांची परिमाणं आणि दरांची यादी) आणि ठेकेदाराचं आरए बिल (झालेल्या कामाचं वेळोवेळचं बिल). पाणी वाचवणं असो, राडारोडा वेगळा करणं असो किंवा कमी क्लिंकरचं (चुनखडी भाजून होणाऱ्या मुख्य घटकाचं) सिमेंट वापरणं असो, जे काम या तीन कागदांत नाही ते होत नाही. अर्धवट झालं तर वेळापत्रकाशी त्याचा झगडा होतो आणि त्यात हार नेहमी पर्यावरणाची होते. म्हणून पुढे प्रत्येक उपायाबरोबर तो कार्यक्रमात कधी बसवायचा, त्याचं परिमाण किती आणि पैसे कशावर द्यायचे, हेही सांगितलं आहे.

हिशेबासाठी एक नेहमीची इमारत धरू. पुण्याच्या आसपास १,००० चौरस मीटरचा प्लॉट, खाली पार्किंग, वर पाच मजले, २० सदनिका, एकूण २७,००० चौरस फूट बांधकाम. एक स्लॅब सुमारे ४,५०० चौरस फूट, म्हणजे ४२० चौरस मीटर. ढोबळ नियमाने चौरस फुटाला ०.४ पोती सिमेंट आणि ४ किलो सळई धरली, तर १०,८०० पोती म्हणजे ५४० टन सिमेंट आणि १०८ टन सळई होते.

सुरुवात सिमेंटपासून करा

हरित इमारत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी सौर पॅनेल येतात. आकडे वेगळं सांगतात. एक टन क्लिंकर बनवताना साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तेवढा सुटणारच. आपल्या इमारतीत ओपीसीऐवजी (साध्या सिमेंटऐवजी) ३० टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख) असलेलं पीपीसी वापरलं, तर सुमारे १६० टन क्लिंकर कमी लागतं, म्हणजे अंदाजे १३५ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. गच्चीवरचं १० किलोवॅटचं सौर संयंत्र वर्षाला साधारण १४,००० युनिट देतं. ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलो धरला तर ते वर्षाला दहा टन वाचवतं. सिमेंटच्या एका निर्णयाची बरोबरी करायला त्याला तेरा वर्षं लागतील. सौर नक्की बसवा, पण पहिली बैठक सिमेंटवर घ्या.

आता मुख्य अडचण. पीपीसी आणि स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) पीएससी यांची अंतिम ताकद चांगली असते, पण सुरुवातीचे दिवस ती हळू चढते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या प्लेटा आणि टेकू) उतरवण्याचे जे किमान दिवस दिले आहेत, ते ओपीसीसाठी, तापमान १५ अंशांच्या खाली जात नसताना आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) व्यवस्थित असताना लागू होतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. दुसरं सिमेंट वापरलं की हे दिवस वाढवावे लागतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १५ अंशांखाली सहज जातं, तेव्हा आणखी वाढवावे लागतात.

साइटवर होतं असं की खरेदी विभाग पीपीसी मागवतो आणि बार चार्ट ओपीसीचाच राहतो. वरच्या मजल्याला प्लेटा आणि टेकू हवेत म्हणून मुकादम खालचे काढतो. स्लॅब मध्ये बसतो, बीमला केसासारख्या भेगा येतात आणि दोष सिमेंटच्या माथी जातो. पुढच्या कामाला मालक स्वतःच सांगतो, आता ओपीसीच आणा. हे टाळायचं तर:

१. आराखडा ठरतानाच स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून पीपीसी किंवा पीएससीसाठी सेंट्रिंग उतरवण्याचे दिवस लेखी घ्या. थंडीतले वेगळे लिहून घ्या.

२. बीओक्यूमध्ये टेकूंचा एक जादा संच धरा. प्लेटा निघून वरच्या मजल्यावर जातात आणि खालचे टेकू जागेवर राहतात, अशी मांडणी पहिल्यापासून ठरवा. सगळं उतरवून पुन्हा टेकू मारणं ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. मधल्या वेळात स्लॅब स्वतःच्या भारावर वाकलेला असतो. पर्यायच नसेल तर एकेक गाळा सोडवा आणि त्याच्याखाली टेकू लावूनच पुढच्याला हात घाला.

३. ४२० चौरस मीटरचा स्लॅब बीमसकट सुमारे ८० घनमीटर काँक्रीट खातो. आयएस ४५६ प्रमाणे त्याचे पाच नमुने, म्हणजे ताकद तपासायचे १५ क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) होतात. त्याखेरीज सहा क्यूब स्लॅबवरच, स्लॅबइतकंच ऊन आणि पाणी देत ठेवा. टाकीतल्या क्यूबवरून मिश्रण चांगलं होतं की नाही ते कळतं. सेंट्रिंग आज उतरवावं का, हे फक्त स्लॅबवर ठेवलेला क्यूब सांगतो.

४. रेडीमिक्स (तयार येणारं काँक्रीट) घेत असाल तर मिक्स डिझाइनचा (घटकांच्या प्रमाणाचा) कागद मागा आणि त्यात फ्लाय ॲश किंवा जीजीबीएस (दळलेली स्लॅग) किती किलो आहे ते पाहा. साइटवर पीपीसी वापरून त्यात वेगळी फ्लाय ॲश मिसळू नका. पोत्यात ती आधीच आहे. डिझाइन न करता दुसऱ्यांदा घातली की ताकद घसरते.

मोठ्या दर्शनी इमारतीला कार्यक्रमात थोडी ढील चालते. छोट्या बिल्डरला महारेरावर दिलेली पूर्णत्वाची तारीख पाळायची असते. म्हणूनच हे जादा दिवस आणि टेकूंचं भाडं पहिल्या दिवशीच आकड्यांत दिसायला हवं. सहा स्लॅबमागे चार-चार दिवस वाढले तर चोवीस दिवस होतात. ते जोत्याच्या आधी माहीत असतील तर वीटकाम आणि प्लंबिंग खालच्या मजल्यावर लवकर सुरू करून बरेचसे भरून काढता येतात.

गोदामही याच हिशेबात येतं. पोती भिंतीपासून फूटभर आणि जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर, फळ्यांवर ठेवा. थप्पी दहा पोत्यांहून उंच नको. जुनी पोती आधी वापरा. तीन महिने पडलेलं सिमेंट आपल्या ताकदीचा मोठा हिस्सा गमावतं आणि पावसाळ्यात तर त्याच्या गाठीच होतात. महिन्याभरात लागेल तेवढंच मागवा.

क्युरिंगचं पाणी

पाणी वाचवा म्हटलं की साइटवर पहिली कात्री क्युरिंगला लागते आणि ती सगळ्यांत महाग पडते. पीपीसी-पीएससीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग लागतं, कोरड्या कडक उन्हात १४. ओपीसीला किमान ७ लागतात. म्हणजे पीपीसी घेतलं की पाण्याचे दिवस वाढतात, आणि हे टँकरच्या अंदाजात धरलेलं नसतं. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष विकासकाला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावे लागतात. अपुऱ्या क्युरिंगची भेग आणि तिच्यातून येणारी गळती बहुधा याच पाच वर्षांत दिसते.

पाणी वाचवायचं ते पद्धतीतून. ४२० चौरस मीटरवर आळी (कडेने छोटे बांध) करून ५० मिलिमीटर पाणी भरलं तर पहिल्या भरणीलाच २१,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर लागतात. एप्रिल-मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडून जातं असं धरा, म्हणजे रोज ३,४०० लिटर. पहिल्या भरणीसकट दहा दिवसांचे सुमारे साडेपाच टँकर होतात. आळ्याची माती फुटून वाहून गेलेलं पाणी यात धरलेलं नाही. आळी सिमेंट-वाळूच्या कमजोर मसाल्याची, छोट्या चौकोनांची करा, म्हणजे एक फुटलं तर सगळा स्लॅब रिकामा होत नाही. पाणी ५० ऐवजी २५ मिलिमीटर ठेवा आणि रोज सकाळी पाहा. सतत ओलं राहणं महत्त्वाचं आहे, खोली नाही. उतार असलेल्या जागी गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिक टाका.

कॉलमवर पाइपने पाणी मारण्यात निम्मं पाणी खाली वाहतं आणि कॉलम तासाभरात कोरडा पडतो. गोणपाट घट्ट गुंडाळा, भिजवा, वरून प्लास्टिक बांधा. क्युरिंग कंपाउंडने पाणी वाचतं हे खरं. पण नेहमीचं मेणयुक्त कंपाउंड मारलेल्या पृष्ठभागावर गिलावा नीट धरत नाही. जिथे गिलावा येणार नाही तिथेच ते वापरा, किंवा गिलाव्याला चालेल असं लेखी मिळालं असेल तरच घ्या.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी बांधकामाला चालतं. पुणे महापालिका ते वापरायला लावते. घेण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. पीएच ६ पेक्षा कमी नको. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट ४०० च्या आत आणि सेंद्रिय घटक २०० च्या आत हवेत. बोअरच्या पाण्यालाही हीच चाचणी लावा. कित्येकदा बोअरचंच पाणी नापास होतं. साइटवर तीन टाक्या ठेवा आणि त्यांना तीन रंग द्या: पिण्याचं, काँक्रीटचं, धूळ बसवण्याचं आणि चाकं धुण्याचं. एकच टाकी असली की सगळीकडे पिण्याचंच पाणी जातं.

सळई: इथे पैसे लगेच दिसतात

सळई १२ मीटरची येते. साडेचार मीटरचे तुकडे हवे असतील तर एका सळईतून दोन निघतात आणि तीन मीटर उरतात, म्हणजे चौथा हिस्सा. हे तीन मीटर कुठे जाणार ते कापण्याआधी ठरलेलं असेल तर भंगार होत नाही. त्यासाठी बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब आणि कशी वाकवायची याचा तक्ता) पुरेसं नाही, त्याच्यासोबत कटिंगची यादी लागते. एका व्यासाचे सगळे तुकडे एकत्र घेऊन लांब तुकडे आधी बसवायचे आणि उरलेल्या लांबीत लहान तुकडे, चेअर (वरची सळई उचलून धरणारे तुकडे), एक्स्ट्रा बार बसवायचे. हे एका स्लॅबपुरतं न करता दोन मजल्यांचं एकदम करा, जोड्या जास्त सापडतात. भंगार पाच टक्क्यांवरून तीनवर आलं तर १०८ टनांत सव्वादोन टनांच्या आसपास सळई वाचते. किलोला ६० रुपये धरले तर सुमारे १ लाख ३० हजार रुपये होतात. उरलेले तुकडे व्यासाप्रमाणे रॅकमध्ये लावा आणि रंगाने लांबी लिहा. ढिगातला तुकडा कोणी शोधत नाही, नवी सळई कापली जाते.

राडारोडा

२०१६ च्या नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्याने तो वेगळा करून ठेवणं आणि काम सुरू करण्यापूर्वी महापालिकेकडून विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घेणं बंधनकारक होतं. जुनी इमारत पाडून पुनर्विकास होतो तिथे हा आकडा सहज ओलांडला जातो. २०२५ मध्ये नवे नियम आले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर त्यात पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. आपली इमारत त्यापेक्षा लहान असली तरी पद्धत तीच ठेवा, कारण ती स्वस्त आहे.

पाडकाम करताना उलट्या क्रमाने जा. आधी दारं, खिडक्या, ग्रिल, वायरी, सॅनिटरी. मग पीओपी आणि जिप्सम. मग विटा. काँक्रीट शेवटी. पीओपी वेगळं काढण्याला फार महत्त्व आहे. ते काँक्रीटच्या राड्यात मिसळलं की त्यातलं सल्फेट पुढे त्या खडीपासून बनणाऱ्या काँक्रीटला खातं आणि अख्खा ढीग फक्त भरावाच्या लायकीचा उरतो.

काँक्रीट भरडून मिळालेली खडी कुठे वापरायची, हे खडी-वाळूच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे. एम१५ या ताकदीच्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये शंभर टक्के चालते. सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम२५ पर्यंत २० टक्के. विटा-गिलावा मिसळलेली खडी फक्त लीन काँक्रीटमध्ये. ही खडी पाणी जास्त शोषते. कोरडी टाकली तर मिश्रण ट्रकमध्येच घट्ट होतं, मग कोणीतरी वरून पाणी ओततं आणि ताकद जाते. आदल्या संध्याकाळी ढीग भिजवून ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), कंपाउंडच्या भिंतीचा पाया आणि पेव्हरखालचा थर यांपुरतंच ठेवावं. तिथे चूक झाली तरी इमारतीला धोका नाही.

ठेकेदाराशी राडारोड्याचा दर ‘प्रति ट्रिप’ ठरवू नका. ट्रिपचा दर असला की गाडी सर्वांत जवळच्या नाल्यात रिकामी होते आणि मुठेच्या पात्रात काय जातं ते पुणेकर पाहतातच. दर टनावर ठरवा, आणि वजनकाट्याची पावती व प्रक्रिया केंद्राची पोच, दोन्ही जोडल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्यात असं केंद्र वाघोलीला आहे. वाहतुकीचं अंतर निविदेतच लिहा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

वीज आणि डिझेल

जनरेटरमध्ये एक लिटर डिझेलमागे तीन ते साडेतीन युनिट मिळतात. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट २६ ते ३० रुपयांना पडतं. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन त्यापेक्षा खूप स्वस्त असतं, पण अर्ज उशिरा होतो. खोदाईच्या बारा आठवडे आधी अर्ज ही कार्यक्रमातली स्वतंत्र ओळ करा. जनरेटर गरजेपेक्षा मोठा भाड्याने घेऊ नका. क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली तो सतत चालला तर डिझेल अर्धवट जळतं आणि इंजिन काजळीने भरतं.

क्रम चुकला की दुप्पट खर्च

काही कामं करायची की नाही यापेक्षा कधी करायची यावर अडतात.

वरची माती खोदाईच्या आधी १५ सेंटिमीटर खरवडून बाजूला काढायची असते. प्लॉटवर ती सुमारे १५० घनमीटर निघेल आणि तेवढी साठवायला जागा नसते. बागेला लागेल तेवढी, ४० ते ५० घनमीटर, कोपऱ्यात दीड-दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा, त्यावर ताग पेरा. बाकीची जवळच्या रोपवाटिकेला द्या. झाडं असतील तर वृक्ष प्राधिकरणाचा अर्ज सगळ्यांत आधी करा. ती परवानगी तुमच्या तारखांप्रमाणे येत नाही.

पाया आणि जोतं मे अखेर पूर्ण व्हावं अशी उलटी आखणी करा. उघडा खड्डा आणि मोकळी माती जूनमध्ये राहिली की गाळ रस्त्यावरच्या गटारात जातो आणि पंपाचं डिझेल वेगळं जळतं. गेटजवळ चर आणि गाळ बसायचा खड्डा मेमध्येच करून ठेवा.

पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा जोत्याच्या वेळी, पोकलेन साइटवर असतानाच खोदून घ्या. त्याचं बांधकाम करा, पण त्यातल्या बोअरचं तोंड टोपीने बंद ठेवा आणि दगड, खडी, वाळूचे थर घालू नका. ते थर गच्ची धुऊन झाल्यावर, शेवटच्या महिन्यात घाला. आधी घातले तर सिमेंटचं पाणी आणि टाइल्सच्या कामाचा चिखल त्यात उतरतो, आत घट्ट होतो आणि खड्डा कायमचा निकामी होतो. गच्चीवरून वर्षाला ७०० मिलिमीटर पावसात, वीस टक्के वाया जातं असं धरून, सुमारे २ लाख ३५ हजार लिटर पाणी मिळतं. एवढं पाणी बंद खड्ड्यापाशी येऊन तळघरात शिरल्याचे प्रकार होतात, म्हणून ओव्हरफ्लोची वाट आधीच काढा.

सौर पॅनेलचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी स्लॅबवर ओता. नंतर ड्रिल मारून बोल्ट बसवले की गळती तिथूनच सुरू होते आणि वॉटरप्रूफिंगवाला गॅरंटी नाकारतो. गच्चीपासून मीटर रूमपर्यंत एक रिकामी पाइप डक्टमध्ये टाकून ठेवा. पॅनेल दोन वर्षांनी येणार असले तरीही.

बिल आणि वही

स्लॅबच्या दरातले ९० टक्के ओतकामानंतर द्या. उरलेले १० टक्के क्युरिंगचे सगळे दिवस वहीत भरले, इंजिनिअरची सही झाली आणि सेंट्रिंग ठरल्या तारखेला उतरलं की द्या. हे निविदेत लिहिलेलं हवं. मधेच लावलं तर ठेकेदाराला तो दंड वाटतो आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. सेंट्रिंगच्या फळ्या जळणासाठी जाऊ नयेत असं वाटत असेल तर कामगारांच्या वस्तीला गॅस द्या आणि तो खर्च प्राथमिक खर्चात धरा.

स्टोअरकीपरने दर शनिवारी पाच आकडे लिहायचे: टँकर किती, डिझेल किती लिटर, सळईचं भंगार किती किलो, राडारोडा किती टन, आणि सिमेंटची प्रत्यक्ष पोती विरुद्ध हिशेबाची पोती. शेवटचा सर्वांत बोलका असतो. ८० घनमीटरला ६.८ पोत्यांप्रमाणे ५४४ पोती हवीत आणि ५७५ गेली, तर ३१ पोती कुठे गेली ते शोधा. स्लॅबची जाडी सगळीकडे पाच मिलिमीटर जास्त झाली तरी त्यातच १४ पोती जातात. लेव्हल तपासा, प्लेटा फुगल्या आहेत का पाहा, गाठी झालेली पोती मोजा. फरक तीन टक्क्यांच्या वर गेला तर पुढच्या स्लॅबच्या आधी सोमवारच्या बैठकीत तो पहिला विषय असावा. महिन्याच्या अहवालात हा आकडा आला, तर तोवर पुढचा स्लॅब ओतून झालेला असतो.

ताबा देताना सोसायटीला नकाशांसोबत एक छोटी यादी द्या: जिरवण खड्ड्याची वाळू कधी धुवायची (दरवर्षी मे), गच्चीवरचं पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, सौर पॅनेल किती दिवसांनी पुसायचे, रिकामी पाइप कुठून कुठे जाते. ही यादी मराठीत छापून मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फाइल अध्यक्ष बदलला की हरवते, पण वॉचमन रोज त्या दारातून आत-बाहेर करतो.